रकाना सात : विमानाचा वर्ग

बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवतो आहे. ही बढाई नव्हे, हुद्दा आहे. नगर कार्यालयाच्या बांधकाम खात्यात छाननीची जी खिडकी आहे, तिच्या मागे मी बसतो. कुठला रकाना रिकामा आहे, कुठली सही चौकटीबाहेर गेली आहे, कुणी 'होय' आणि 'नाही' दोन्हींवर खूण केली आहे, हे मला अर्ज हातात घ्यायच्या आधी समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. माझ्या खिडकीतून पहिल्याच फेरीत पास झालेला अर्ज आमच्या कार्यालयाने पाहिलेला नाही. (अपवाद एक. तो पुढे येईल, घाई करू नका.) हे सगळं सांगायचं कारण एवढंच की विमानतळाच्या कार्यालयाने माझा अर्ज लागोपाठ तीनदा परत पाठवला, तेव्हा मला नेमकं कुठे लागलं असेल, हे तुमच्या लक्षात यावं.

आमची तीन मजली इमारत एका टेकाडावर आहे आणि तिथून धावपट्टी दीडेक किलोमीटरवर. उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. पण पूर्वी ती सभ्यपणे जायची. कपबशा जराशा किणकिणायच्या, एवढंच. बिघडलं ते यंदाच्या हिवाळ्यापासून. सकाळच्या धुक्यात विमान नेहमीसारखं खाली खाली यायचं आणि बरोब्बर आमच्या बेडरूमच्या वर आलं की त्याला काय आठवायचं कोण जाणे, एकदम अशी डरकाळी फोडून परत वर निघायचं की खिडकीच्या काचा थरथरत राहायच्या. वीस मिनिटांनी तेच विमान फिरून पुन्हा हजर. पुन्हा डरकाळी.

मला स्वतःला याचा काही त्रास नव्हता. खिडकीवर रोज दीडशे माणसं ओरडतात, त्यापुढे विमान म्हणजे काहीच नाही. प्रश्न बायकोचा होता. अंध वाचकांच्या एका ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. दुपारी तिची शाळा असते, संध्याकाळी समोरच्या गॅरेजमध्ये पत्रे ठोकतात, म्हणून सकाळी सात ते नऊ ही तिची वेळ. कपड्यांच्या कपाटात साड्यांमध्ये बसून, दार लोटून घेऊन, टॉर्चच्या उजेडात ती वाचते. सध्या एक जाडजूड रहस्यकथा चालू होती. सव्वीस प्रकरणं संपली होती आणि सत्ताविसाव्यात खुन्याचं नाव होतं.

ते नाव काही केल्या मुद्रित होत नव्हतं. "आणि मग इन्स्पेक्टरांनी सावकाश बोट उचलून दाखवलं ते..." इथवर ती आली की वरून डरकाळी. चार सकाळी हेच झालं. ग्रंथालयाचा नियम कडक, मागे आवाज असलेली फीत परत येते.

आणि तिकडे ऐकणारे सर वाट पाहत होते. हे सर म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचे निवृत्त गणितशिक्षक. दृष्टी जाऊन वीस वर्षं झालेली. बायकोने वाचलेली सव्वीसच्या सव्वीस प्रकरणं त्यांनी ऐकली होती. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन महिनाअखेरच्या गुरुवारी ठरलं होतं. त्यांनी ग्रंथालयाला निरोप दिला होता, "खुनी कोण ते ऑपरेशनच्या आधी कळू द्या. टेबलावर जीव त्यात अडकायला नको. डॉक्टरांना दोन दोन गोष्टी सोडवायला लावणं बरं नाही."

बायको तो निरोप ऐकून हसली आणि भांडी घासायला गेली. रात्रीच्या भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच झाला. "अहो," ती शेवटी म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या तक्रारी परत पाठवल्यात. आता एक तरी तक्रार नीट करून दाखवा."

आता मी सोसायटीचा सेक्रेटरीही आहे. नुसता नावाचा नाही. गेल्या वर्षी गच्चीवरची पाण्याची टाकी मी सहा फूट उंच लोखंडी चौथऱ्यावर चढवून घेतली. त्याआधी तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे, नळातून पाणी विचार करत करत यायचं. आता शॉवरखाली उभं राहिलं की पाठीवर कुणीतरी शाबासकी देत असल्यासारखं वाटतं. एवढं भरीव काम केलेल्या माणसाला एक विमान वाकडं करणं काय अवघड आहे, असं मला वाटलं.

विमानतळाचा ध्वनितक्रारीचा छापील अर्ज आणला. अर्ज चांगला होता हे मी प्रामाणिकपणे सांगतो. बारा रकाने, खाली दोन टिपा, टिपांना उपटिपा. फक्त रकाना सातमध्ये 'विमानाचा वर्ग' असं होतं. ते काही मला उमगलं नाही, म्हणून तो मी कोरा सोडला. दुसऱ्या कुणी सोडला असता तर मीच परत पाठवला असता. आठ दिवसांनी अर्ज परत आला. 'रकाना सात अपूर्ण.'

मी तिथे 'मोठं' असं लिहून पुन्हा पाठवला. परत आला. "'मोठं' हा वर्ग नाही."

मग मी तळमजल्याच्या काकूंना विचारलं, कारण त्यांच्या पुतण्याचा साडू कायम विमानात असतो असं त्या नेहमी सांगतात.

"वैमानिक आहे का हो तो?"

"छे, फिरतीची नोकरी आहे. पण खिडकीशी बसतो. सगळं माहीत आहे त्याला. 'जड' लिहा म्हणतोय."

मी 'जड' लिहिलं. अर्ज परत आला. यावेळचा शेरा मी अजून जपून ठेवला आहे, कारण कारागिरीच्या दृष्टीने तसा शेरा मला बावीस वर्षांत जमलेला नाही. "'जड' हा वर्ग अस्तित्वात आहे, परंतु तो वजनाचा असून रकाना नऊमध्ये लिहावयाचा आहे. रकाना सात अद्याप अपूर्ण."

रजा टाकून मी स्वतः विमानतळाच्या कार्यालयात गेलो. तिथेही एक खिडकी होती आणि खिडकीमागे माझ्यासारखाच एक कारकून होता. मी अर्ज पुढे सरकवला. त्याने अर्जाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रकाना सात?" माझा कान गरम झाला. हे वाक्य म्हणण्याची जागा माझी आहे.

"अहो साहेब, विमानं लहान-मोठी अशी नाही लावत आम्ही," तो म्हणाला. "धावपट्टीच्या टोकावर उतरताना त्याचा वेग किती, त्यावरून वर्ग. ए, बी, सी, डी, ई. एक्क्याण्णव नॉटच्या आत असेल तर ए. एकशेवीसपर्यंत बी, एकशेचाळीसपर्यंत सी, एकशेपासष्टपर्यंत डी. त्याच्यावर ई. नॉट म्हणजे ताशी जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर धरा."

"मग जड?"

"ते मागच्यासाठी. जड विमानामागे हवा घुसळलेली राहते ना, म्हणून त्याच्यामागून येणाऱ्या हलक्या विमानाला अंतर सोडावं लागतं."

हे मात्र मला चटकन पटलं. आमचे थोरले साडू घरी येऊन गेले की दोन दिवस कुणीही येऊ नये असं मला वाटतंच. कारकुनाने एक छापील पत्रक दिलं आणि खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती. जेवणाच्या सुट्टीची वेळ त्याने अचूक साधली, हेही मी मनातल्या मनात नोंदवलं.

आता उतरणाऱ्या विमानाचा वेग मोजायचा कसा? आमच्या दुसऱ्या मजल्यावर जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणतात. निवृत्तीला सात वर्षं झाली, पण घराच्या दारापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत किती पावलं ते अजून त्यांच्या वहीत आहे. मी त्यांना म्हटलं, "अंदाजे वेग कळला तरी पुरे."

त्यांनी चष्मा काढला. "अंदाजे हा शब्द माझ्या घरात काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ते तिपाई, दुर्बीण बसवलेलं मोजणीचं यंत्र, पितळी ओळंबा आणि घडीची खुर्ची घेऊन गच्चीवर हजर. त्यांचं म्हणणं असं की विमान दोन पक्क्या बिंदूंमध्ये किती सेकंदांत जातं ते मोजायचं. पहिला बिंदू उंच, अढळ आणि आपल्या मालकीचा हवा.

"आपली टाकी!" मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अभिमान आला असेल, नाकारत नाही.

"उत्तम. दुसरा बिंदू तिकडचं बेकरीचं धुराडं. पण आधी टाकीची उंची काढावी लागेल. बिंदू म्हटला की त्याची उंची कागदावर हवी."

तीन दिवस आम्ही गच्चीवर होतो. धुकं विरलं की काम सुरू. तळमजल्याच्या काकू सावलीला बसून सूचना करत. "जरा हात वर करून थांबवा ना एखाद्याला," असंही त्यांनी एकदा सुचवलं. मी घड्याळ धरायचो, मोजणीसाहेब यंत्राला डोळा लावून "आलं... आलं... टाकी!" असं ओरडायचे आणि मग "धुराडं!" असं. पाचव्या विमानाला त्यांनी उत्साहाने धुराडं आधी म्हटलं आणि टाकी नंतर, त्यामुळे ते विमान मागे मागे गेल्याची नोंद झाली. ती नोंद आम्ही रद्द केली. उरलेल्या तेवीस विमानांचा सरासरी वेग निघाला एकशेचौतीस नॉट. वर्ग सी.

रकाना सातमध्ये मी 'सी' हे एक अक्षर लिहिलं. इतकं सुबक अक्षर मी लग्नाच्या नोंदणीतही काढलं नव्हतं. सोबत अठरा पानांची परिशिष्टं जोडली. परिशिष्ट ब मोजणीसाहेबांनी स्वतः सांगितलं आणि मी लिहून घेतलं: "निरीक्षणबिंदू: इमारतीच्या टाकीचा माथा. जमिनीपासून उंची अठरा मीटर बेचाळीस सेंटीमीटर. पैकी लोखंडी चौथरा एक मीटर त्र्याऐंशी सेंटीमीटर, गतवर्षी सेक्रेटरींच्या पुढाकाराने उभारलेला." शेवटचे शब्द माझे. खाली सही, शिक्का, पूर्ण पत्ता.

यावेळी अर्ज परत आला नाही. तिसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. 'नकाशा विभागात समक्ष भेटावे.' बायकोने कपाटातून डोकं बाहेर काढून विचारलं, "समक्ष? म्हणजे चांगलं की वाईट?" मी म्हणालो, "अगं, समक्ष म्हणजे दखल घेतली." गुरुवारला नऊ दिवस उरले होते.

नकाशा विभाग म्हणजे एक लांबट खोली, मध्ये मोठं टेबल आणि टेबलावर पसरलेला एक नकाशा. नकाशाच्या चार कोपऱ्यांवर वजन म्हणून भिंग, टाचण्यांची डबी, चहाचा कप आणि एक कुलूप. टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई होत्या, कानामागे पेन्सिल. त्यांनी उठून मला खुर्ची दिली. अर्जदाराला उठून खुर्ची देणं मला नवीन होतं.

"तुमचा अर्ज मी दोनदा वाचला," बाई म्हणाल्या. "वर्ग सी बरोबर काढलात."

मी विनयाने मान खाली घातली.

"पण मोजायची गरज नव्हती. वर्ग त्या दिवशीच्या वेगावर नसतो. विमान किती वेगाखाली गेलं की हवेत टिकत नाही, तो आकडा घ्यायचा, त्याची एक पूर्णांक तीन दशांश पट करायची. उतरायच्या जास्तीत जास्त वजनाला. हे प्रत्येक विमानाच्या कागदपत्रांत लिहिलेलंच असतं. तुम्ही विमानाची जात कळवली असती तरी मी बघून भरलं असतं."

तीन दिवसांचं ऊन माझ्या टकलावर अजून होतं. मी विषय बदलला. "आवाजाचं काय?"

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "धुक्यात वैमानिकाला काही दिसत नसतं. जमिनीवरून दोन किरण सोडलेले असतात. एक सांगतो, डावीकडे सरकलास की उजवीकडे. दुसरा सांगतो, वर आहेस की खाली. या दोघांचं ऐकत तो उतरतो. पण एक ठरलेली उंची असते. तिथे पोचला की स्वतःच्या डोळ्यांनी धावपट्टीचे दिवे दिसायलाच हवेत. दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर पूर्ण जोर लावून वर."

"जरासं आणखी खाली जाऊन बघितलं तर?"

"नाही."

"पाच-दहा फूट?"

"नाही."

मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटला. आमच्या खात्यात अशी दोन माणसं असती तर शहर सरळ झालं असतं.

"ही उंची प्रत्येक वर्गाला वेगळी," त्या पुढे म्हणाल्या. "जितका वेग जास्त, तितकी वर वळायला जागा जास्त लागते. आणि वाटेत खाली एखादा नवा अडथळा उभा राहिला, तर सगळ्याच वर्गांची उंची वाढवावी लागते. आमच्या दुरून केलेल्या पाहणीत गेल्या वर्षी असा एक अडथळा सापडला. टेकाडावर कुठेतरी. तोपर्यंत विमान तुमच्या घरावरून गुपचूप पुढे जायचं आणि उतरायचं की नाही ते पलीकडच्या मोकळ्या माळावर ठरवायचं. आम्ही उंची वाढवली, त्यामुळे ठरवायची जागा अलीकडे आली." त्यांनी पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं. "इथे."

"हे तर आमचं बेडरूम."

"हो."

माझ्यातला छाननी कारकून जागा झाला. म्हणजे कुणा एका उपटसुंभाने परवानगी न घेता काहीतरी वर उभं केलं, आणि त्याची फळं माझी बायको साड्यांमध्ये बसून भोगते आहे! चौऱ्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा माणूस खुन्याच्या नावासाठी खोळंबला आहे! मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप हलला आणि नकाशाचा एक कोपरा गुंडाळला गेला.

"बाई, नाव सांगा त्याचं. मी बांधकाम खात्यात आहे. अशा बेजबाबदार माणसाला मी सात दिवसांत ते पाडायला लावतो. मुदतवाढ नाही, सबब नाही!"

"लिहून द्याल?"

"आत्ता!"

त्यांनी कोरा कागद दिला. मी तीन परिच्छेद लिहिले. 'समाजविघातक वृत्ती' हा शब्दप्रयोग दोनदा आला. खाली सही केली, तारीख घातली. बाईंनी कागद वाचला, फाइलमध्ये ठेवला आणि त्याच फाइलमधून माझं परिशिष्ट ब बाहेर काढलं.

"आम्ही सहा महिने या अडथळ्याचा पत्ता शोधत होतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "नकाशावर नुसतं 'अज्ञात' लिहिलं होतं. तुम्ही पत्ता, सेंटीमीटरपर्यंत उंची, कधी उभारला, कुणी उभारला आणि जबाबदार माणसाची सही, सगळं एकाच अर्जात दिलंत. तीस वर्षांत इतका परिपूर्ण अर्ज माझ्याकडे आलेला नाही."

मी परिशिष्ट परत घ्यायला हात पुढे केला. एवढ्यात त्यांनी दुसरा कागद काढला. आमच्याच खात्यातून मागवलेली प्रत होती ती. टाकीचा चौथरा उभारण्याच्या परवानगीचा अर्ज. 'रकाना अकरा: विमानतळापासून अंतर व त्यांचा ना हरकत दाखला.' समोर माझ्याच अक्षरात: 'लागू नाही.'

"आणि इथे," बाई म्हणाल्या, "'छाननी केली, अर्ज बिनचूक.' ही सही कुणाची?"

"आमच्या खात्यातल्या... एका सहकाऱ्याची असेल."

"अक्षर तुमच्यासारखंच आहे."

अपवाद म्हणालो होतो तो हाच. त्या दिवशी खिडकीवर खूप गर्दी होती, अर्ज आपलाच होता, आणि अकरावा रकाना मी खरंच वाचला नव्हता. बावीस वर्षांत तेवढा एकच न वाचलेला रकाना, आणि तो असा सापडावा! मला मनापासून शरम वाटली. नुसती शरमही नाही. घरी आपल्या हातून हे झालं असं बायकोला सांगायचं होतं.

बाईंनी कपाखालचा कोपरा सरळ केला. "मी तुमच्या साहेबांना काही कळवत नाही. तुम्ही सात दिवस म्हणालात. सात दिवसांत खाली घ्या आणि मोजणी करून कागद आणा. त्याच संध्याकाळी सगळ्या वैमानिकांना जुनी उंची कळवते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ते सर, खुन्याची वाट बघणारे, ते खरे आहेत ना? परिशिष्ट फ मध्ये आहेत ते?"

"खरे आहेत."

"मग सातच्या आत करा."

घरी मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं बायको चिडेल. ती पलंगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसू आवरलं की माझ्याकडे बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. शेवटी म्हणाली, "चार महिने मी तुमच्या शॉवरमुळे कपाटात बसले होते तर." त्यापेक्षा चिडली असती तर बरं झालं असतं.

सोसायटीची सभा माझ्या आयुष्यातली सर्वांत छोटी सभा ठरली. ठराव एकमताने मंजूर झाला. तळमजल्याच्या काकूंना मुळातच चौथरा मान्य नव्हता, कारण त्यांच्याकडे पाणी आधीही भरपूर यायचं. "तरी मी म्हणत होते, थांबवा एखाद्याला," त्या म्हणाल्या, "तर यांनी आधीच थांबवलं होतं की सगळ्यांना." त्या दिवसापासून इमारतीत माझं नाव 'अज्ञात अडथळा' पडलं. लोक दार वाजवून बायकोला विचारतात, "अडथळा आहेत का घरात?"

प्लंबर दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो गच्चीवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "चढवताना मी म्हटलं होतं ना साहेब, एवढी उंच नको, विमानाला अडकेल. तुम्ही म्हणालात, चेष्टा पुरे." मग टाकी रिकामी करायला एक दिवस, नट गंजले होते म्हणून एक दिवस, आणि चौथरा जिन्याच्या वळणावर अडकला म्हणून अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसात जिन्यातून जाताना प्रत्येकाने थांबून मला विमानांबद्दल एक तरी विनोद ऐकवला. सातव्या दिवशी, मंगळवारी, टाकी खाली बसली. मोजणीसाहेबांनी ती तीनदा मोजली आणि कागदावर सही करताना म्हणाले, "एवढं अचूक काम माझ्या हातून नोकरीतही झालं नव्हतं." ते असं का म्हणाले ते मी विचारलं नाही. त्याच दुपारी मी कागद बाईंच्या हातात नेऊन दिला.

बुधवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचं गॅरेज दिसत नव्हतं. सव्वासातला बायको कपाटात शिरली. दार लोटताना म्हणाली, "अहो, आज मात्र चिटपाखराचाही आवाज नको." मी बोट ओठांवर ठेवून बाथरूममध्ये गेलो. शॉवर उघडला. एक थेंब आला, विचारात पडला आणि तिथेच लटकून राहिला. मग मी बादलीचा नळ पूर्ण सोडला. दोऱ्यासारखी धार सुरू झाली. आवाज म्हणण्यासारखा नव्हताच, निदान मला तसं वाटलं. बादली भरेपर्यंत बाथरूमच्या दारात उभं राहून मी कान कपाटाकडे लावले.

शेवटची पानं आली. तिचा आवाज खाली आला. "आणि मग इन्स्पेक्टरांनी सावकाश बोट उचलून..."

वरून विमानाची घरघर ऐकू आली. जवळ आली. काचा हलक्याशा किणकिणल्या. आता. आता डरकाळी.

विमान गुपचूप पुढे निघून गेलं. तिकडे माळावर कुठेतरी त्याला चार दिवे दिसले असावेत आणि ते उतरलं असावं. कपाटातून बायकोने खुन्याचं नाव उच्चारलं, स्वच्छ आणि ठसठशीत. ते नाव मी इथे सांगणार नाही, तिची सक्त ताकीद आहे. पण मी टॉवेल गुंडाळून टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, एवढंच सांगतो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि खांद्यावर एक साडी लटकत होती. इतक्या आनंदात मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. आमचं बोलणं संपलं तरी बादली अर्ध्यावरही गेली नव्हती, आणि ऑफिसला मी अर्ध्या बादलीत अंघोळ करून गेलो.

ग्रंथालयातून फोन आला. "विमान नाही, छान. मागे कुठेतरी पाणी पडल्यासारखं वाटतंय. पण आता वेळ नाही, तसंच देतो सरांना."

गुरुवार गेला. शुक्रवार, शनिवार काही कळलं नाही. बायको शाळेतून आली की आधी फोन बघायची, मग चपला काढायची. मीही खिडकीवर दोन अर्ज शेरा न लिहिताच परत पाठवले, यावरून माझी अवस्था समजा. सोमवारी सरांचा आवाजी निरोप आला. आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून स्वयंपाकघरात बसलो. आवाज बारीक होता, दम लागत होता, पण वर्गातला ताठा तसाच होता.

"बाई, ऑपरेशन झालं. मी आहे. खुनी मला नवव्या प्रकरणातच समजला होता, पण उत्तर ताडून पाहिलेलं बरं असतं. तुम्ही वाचलंत फार छान." बायकोने डोळे पुसले. मीही पुसले, मी लपवत नाही. सर खोकून पुढे बोलू लागले. "आता दुसरं. शेवटच्या प्रकरणात मागे बादली भरत होती. भरत आली की आवाजाचा सूर चढतो, हे तुम्हा डोळसांच्या लक्षात येत नाही. बत्तीस मिनिटांत तो अर्ध्यापर्यंतही चढला नाही. मी पडल्या पडल्या गणित मांडलं. तुमच्याकडे पाण्याला दाब अजिबात नाही. उपाय सोपा आहे. टाकी सहा फूट वर चढवा. तुमचा सेक्रेटरी कोण आहे त्याला सांगा, आळशी दिसतो. त्याला म्हणावं, अर्ज कर."

फोन बंद झाला. बायकोने वही पुढे ओढली, पेन उघडलं आणि अतिशय गंभीर चेहरा करून माझ्याकडे पाहिलं.

"सरांना काय कळवू?"

मी बादली उचलली. नळाखाली लावली. धार सुरू झाली.

"लिही," मी म्हणालो, "लागू नाही."